एकूण वजन बरोबर, तरी दंड

ट्रकचं एकूण वजन मर्यादेत असलं की झालं, असा आपल्याकडे सर्रास समज आहे. अमेरिकेतला ट्रकचालक याला हसेल. तिथे पाच एक्सलच्या गाडीला एकूण 36.3 टन चालतात, पण जोड-एक्सलला, म्हणजे जवळजवळ लावलेल्या दोन एक्सलच्या जोडीला, 15.4 टनांचीच परवानगी. एकूण वजन कमी असलं तरी मागच्या जोडीवर चारशे किलो जास्त भरले, तर दंड होऊ शकतो.

रस्त्याला एकूण वजन कळतच नाही. त्याला कळतो तो चाकाखालचा भार. 1958 ते 1960 मध्ये इलिनॉयमधल्या ओटावाजवळ खास बांधलेल्या रस्त्यांवर ट्रक फिरवले गेले. त्यातून निघालेला ठोकताळा असा, की रस्त्याचं नुकसान एक्सलवरच्या भाराच्या चौथ्या घाताने वाढतं. भार 10 टक्के वाढला की झीज जवळजवळ दीडपट! आपल्याकडे 2018 साली जोड-एक्सलची मर्यादा 19 वरून 21 टन झाली, तेव्हा वाहतूकदारांच्या सोयीची चर्चा भरपूर वाचली. हा चौथा घात मला तरी कुठे दिसला नाही.

अमेरिकी 53 फुटी ट्रेलरची गंमत अशी की त्याची मागची चाकं सरकवता येतात. दोघांनी खांद्यावर बांबू घेऊन मधे ओझं लटकवलंय असं समजा. मागचा माणूस आणखी मागे सरकला की त्याच्या वाट्याचं ओझं कमी होतं आणि पुढच्याचं वाढतं. ट्रेलरचा पुढचा खांदा म्हणजे किंगपिन, म्हणजेच न्हावा-शेव्याला ज्याला ‘घोडा’ म्हणतात त्या इंजिनगाडीवर टेकणारा खुंटा. मागचा खांदा म्हणजे ही जोडी.

आता आकडे घेऊ. काट्यावर पुढच्या चाकांवर 5,400, घोड्याच्या मागच्या जोडीवर 14,700 आणि ट्रेलरच्या जोडीवर 15,830 किलो आले. बेरीज 35,930, म्हणजे बिनघोर. पण शेवटची जोडी 410 किलोंनी जड. चाकांचा सांगाडा वगळला तर त्या जोडीवर साडेतेरा टनांच्या आसपास ओझं टेकलेलं आहे, आणि किंगपिनपासून जोडीचा मध्य 37 फुटांवर आहे. आघूर्णाचा, म्हणजे भार गुणिले अंतराचा हिशेब सांगतो, की ओझं जिथल्या तिथे असेल तर मागचा भार अंतराच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. म्हणजे फुटामागे साधारण 360 किलो. ही चाकं ट्रेलरखालच्या रुळांवर सरकतात आणि रुळांतल्या भोकांत पिना अडकवून जागेवर बसतात. ही भोकं सहा-सहा इंचांवर असतील तर एका भोकामागे 180. तीन भोकं मागे गेलो की पाचशेहून थोडे जास्त किलो घोड्याकडे जातात आणि दोन्ही जोड्या मर्यादेत बसतात.

कागदावर सोपं आहे. प्रत्यक्षात ट्रेलरचे ब्रेक लावून चाकं जखडायची, दांडा ओढून चार पिना मोकळ्या करायच्या आणि घोडा हळूच पुढे घ्यायचा. चाकं जागीच राहतात, त्यांच्यावरून डबा सरकतो. पण पिना गंजलेल्या असतात, नाहीतर भोकाच्या कडेला दाबून बसलेल्या. मग गाडी पुढे-मागे हिसकत राहायची, कुणीतरी दांडा धरून ठेवायचा, हातोडी चालवायची. शेवटी चारही पिना नव्या भोकांत पूर्ण बसल्यात हे वाकून बघायचं, कारण एखादी अर्धवट बसली आणि जोरात ब्रेक लागला तर सगळा सांगाडा निसटू शकतो. चालकाविना धावणाऱ्या ट्रकच्या बातम्यांना ऊत आलाय. ही हातोडी कोण उचलणार, ते त्यांत नसतं.

आणि एवढं करूनही कॅलिफोर्निया आडवं येतं. लांब ट्रेलर वळताना मागची चाकं आत कापत जातात, आणि हे कापणं अंदाजे अंतराच्या वर्गाने वाढतं. म्हणून तिथे किंगपिनपासून सर्वांत मागच्या एक्सलच्या मध्यापर्यंत 40 फुटांची कमाल मर्यादा आहे. आपल्या उदाहरणात तो एक्सल आधीच 39 फुटांवर आहे. तीन भोकं म्हणजे दीड फूट, म्हणजे साडेचाळीस. चाकं फार पुढेही घेता येत नाहीत, कारण पुलांसाठीचं सूत्र दोन एक्सल-जोड्यांत पुरेसं अंतर मागतं. थोड्या लांबीत जास्त वजन आलं की पुलाच्या गाळ्यावर ताण येतो.

मग गाडी परत गोदामात न्यायची, दार उघडायचं आणि मागचे पॅलेट पुढे सरकवून घ्यायचे.