‘घाशीराम’वर बंदी? कोणी घातली?

‘घाशीराम कोतवाल’वर सरकारने बंदी घातली होती, असं आजही छातीठोकपणे सांगितलं जातं. तसं घडलं नव्हतं. तेंडुलकरांचं हे नाटक जब्बार पटेलांच्या दिग्दर्शनाखाली डिसेंबर 1972 मध्ये पुण्यात ‘पीडीए’ (प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन) या नाट्यसंस्थेने रंगमंचावर आणलं. नाना फडणवीसांच्या चित्रणावरून गदारोळ उठला आणि 19 प्रयोगांनंतर नाटक थांबवलं ते खुद्द संस्थेनेच. मग कलावंत बाहेर पडले, 1973 मध्ये ‘थिएटर अकॅडमी’ उभी राहिली आणि पुढच्या वर्षी नाटक पुन्हा रंगमंचावर आलं, त्यातली नटांनीच उभी केलेली माणसांची भिंत पुन्हा डोलू लागली. सेन्सॉरशी कोर्टात झुंज झाली ती ‘सखाराम बाइंडर’ची. तेही तेंडुलकरांचंच, त्याच काळातलं. म्हणून बहुधा हा घोळ.