भूस्तरांचे त्रिमितीय मॉडेल

इमारतीच्या जागेखाली माती, मुरूम आणि खडक कोणत्या पातळीवर कसे पसरले आहेत, याची बोअरहोलच्या, म्हणजे तपासणीसाठी जमिनीत पाडलेल्या भोकांच्या, नोंदींवरून संगणकात उभी केलेली घनाकृती म्हणजे भूस्तरांचे त्रिमितीय मॉडेल. बांधकामाच्या बोलीत त्याला नुसते ‘ग्राउंड मॉडेल’ म्हणतात. रेव्हिट, आर्किकॅड, सिव्हिल थ्रीडी यांसारख्या सॉफ्टवेअरमध्ये ते इमारतीच्या मॉडेलखाली बसवले की तळघराची खोदाई, पाइलची (जमिनीत खोल उतरवलेल्या पायाच्या खांबाची) लांबी, शोअरिंगची (खोदाईच्या बाजू धरून ठेवणारी) भिंत आणि शेजारच्या जुन्या इमारतीचा पाया एकाच छेदात पाहता येतो. पडद्यावर खिडकी आणि खडक सारख्याच ठामपणे दिसतात, आणि गोंधळाची सुरुवात तिथूनच होते. खिडकीचे माप आर्किटेक्टने ठरवलेले असते. खडक मात्र पाच-सहा ठिकाणी भोके पाडून पाहिलेला असतो. मधला सगळा भाग अंदाजाने भरलेला असतो.

बोअरहोलमधून काय मिळते

मातीच्या थरात ठरावीक खोलीवर प्रमाणित प्रवेश चाचणी घेतात. ६३.५ किलोचा हातोडा ७५ सेंमी उंचीवरून पाडायचा आणि नमुना घेणारी नळी ४५ सेंमी आत जाईपर्यंत ठोके मोजायचे. पहिल्या १५ सेंमीचे ठोके सोडून देतात, पुढच्या ३० सेंमीची बेरीज म्हणजे ‘एन’ मूल्य. नळी पुढे सरकेनाशी झाली की साइटवर ‘रिफ्यूजल आलं’ म्हणतात. त्याखाली हिऱ्याचे बिट लावून खडकाचा गाभा, म्हणजे कोअर, काढतात. १० सेंमी किंवा त्याहून लांब तुकड्यांच्या लांबीची बेरीज त्या टप्प्यात कापलेल्या एकूण लांबीशी ताडली की आरक्यूडी हा खडकाच्या प्रतीचा निर्देशांक मिळतो. अमेरिकी अभियंते डॉन डिअर यांनी १९६० च्या दशकात तो मांडला. ९० टक्क्यांच्या वर उत्तम, २५ च्या खाली अगदी निकृष्ट.

भोके किती पाडायची? आयएस १८९२ या भारतीय मानकाच्या १९७९ च्या आवृत्तीने सुमारे ०.४ हेक्टरच्या आटोपशीर प्लॉटला चार कोपऱ्यांत चार आणि मध्ये एक पुरेसे मानले होते. १५० मिमी व्यासाची पाच भोके धरली तर प्लॉटच्या साधारण पंचेचाळीस हजाराव्या भागाला आपण प्रत्यक्ष हात लावलेला असतो. बाकीचे काम गणिताचे.

बिंदूंपासून थरांपर्यंत

प्रत्येक बोअरमध्ये एखाद्या थराचा माथा ज्या पातळीवर लागला, ते बिंदू जोडून पृष्ठभाग तयार करतात. सर्वांत साधी रीत त्रिकोणांच्या जाळ्याची. ती कोपऱ्यांतल्या बोअरच्या बाहेर काहीच सांगत नाही, हा तिचा प्रामाणिकपणाच म्हणायचा. दुसरी रीत क्रिगिंगची. दक्षिण आफ्रिकेतील खाण-अभियंते डॅनी क्रीग यांनी १९५१ च्या सुमारास सोन्याच्या खाणींतील नमुन्यांवर केलेल्या कामातून ती निघाली आणि फ्रान्सच्या जॉर्ज मातेरों यांनी तिला गणिती बैठक दिली. क्रिगिंगमधून पृष्ठभागासोबत चूक किती असू शकते याचा अंदाजही मिळतो: बोअरपासून दूर गेले की ती वाढत जाते. मात्र त्यासाठी पुष्कळ बिंदू लागतात. पाच बोअरवर क्रिगिंग चालवणे म्हणजे पाच जणांना विचारून मतदानाचा कौल सांगण्यासारखे. न्यूझीलंडमध्ये तयार झालेल्या लीपफ्रॉगसारख्या सॉफ्टवेअरमध्ये तिसरी रीत वापरतात: थरांचा कालक्रम आधी सांगायचा आणि एका गणिती फलनातून सगळ्या सीमा काढायच्या.

खरी अडचण थर संपतो तिथे येते. एका बोअरमध्ये दोन मीटर चिकणमाती आहे, शेजारच्यात अजिबात नाही. तिथे ‘शून्य जाडी’ अशी नोंद करायची की जागा रिकामी सोडायची, यावर चित्र बदलते. रिकामी सोडली तर सॉफ्टवेअर तो बोअर विचारातच घेत नाही आणि चिकणमाती प्लॉटभर पसरवून मोकळे होते. दोन पृष्ठभाग एकमेकांना छेदून जाणे हाही नेहमीचा प्रकार. मग कोणता थर कोणाला कापतो, हा नियम भूवैज्ञानिकाने द्यावा लागतो.

वास्तुरचनेच्या सॉफ्टवेअरची मर्यादा

ही सॉफ्टवेअर मुळात जमिनीच्या वर बांधायच्या गोष्टींसाठी घडली. रेव्हिटमध्ये कित्येक वर्षे जमीन म्हणजे ‘टोपोसरफेस’, नुसती कातडी. खालचे थर दाखवायचे तर एकाखाली एक अशा अनेक कातड्या ठेवा किंवा स्लॅबच्या कडा वाकवून खडक म्हणून खपवा, असे जुगाड चालत. २०२४ च्या आवृत्तीत ‘टोपोसॉलिड’ आला आणि जमिनीला जाडी मिळाली. त्याला भिंतीसारखे किंवा फरशीसारखे थरही देता येतात, पण ते फरशीच्याच तर्काने वागतात: एकतर सगळे थर जमिनीच्या चढउताराला समांतर जातात किंवा एकच थर कमी-जास्त जाडीचा ठेवता येतो. निसर्गात खडकाचा माथा वरच्या उताराशी इतका आज्ञाधारक नसतो. म्हणून जाणते लोक पृष्ठभाग सिव्हिल थ्रीडीसारख्या ठिकाणी तयार करतात आणि प्रत्येक थराची वेगळी घनाकृती रेव्हिटमध्ये आणतात.

देवाणघेवाणीसाठी ब्रिटनमध्ये १९९२ पासून एजीएस हे फाइल-स्वरूप वापरात आहे. त्यात बोअरच्या नोंदी आणि चाचण्यांचे आकडे जातात. इमारतींच्या खुल्या आयएफसी मानकाला बोअरहोल आणि भूस्तर हे स्वतंत्र घटक मिळाले ते ४.३ या आवृत्तीत. २०२४ मध्ये तिला आयएसओची मान्यता मिळाली.

एक क्षुल्लक वाटणारी पण महागात पडणारी बाब पातळीची. अहवालात थर ‘जमिनीपासून इतक्या खोलीवर’ असा लिहिलेला असतो, मॉडेलला मात्र समान संदर्भापासूनची पातळी लागते. उताराच्या प्लॉटवर बोअरच्या तोंडाची पातळी मोजलीच नसेल, तर सपाट खडकही जमिनीसारखा तिरका दिसतो. मुंबईत पालिकेचे जुने नकाशे टाउन हॉल डेटम या स्थानिक संदर्भपातळीवर आणि सर्वेक्षण समुद्रसपाटीवर असेल, तर एका ओळीच्या चुकीने अख्खा खडक वर किंवा खाली सरकतो. आडव्या दिशेतही तसेच. यूटीएम या नकाशा-निर्देशांकांच्या पद्धतीत मुंबईचा उत्तर निर्देशांक वीस लाख मीटरांहून मोठा आहे, आणि रेव्हिट आपल्या अंतर्गत मूळबिंदूपासून सोळा किलोमीटरपलीकडची आकृती नीट हाताळत नाही. निर्देशांक जसेच्या तसे ओतले की रेषा थरथरू लागतात.

दख्खनचा कातळ आणि कोकणचा जांभा

महाराष्ट्राचा बहुतांश भाग सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या थरांनी बनलेला आहे. थरावर थर, वरवर पाहता मॉडेलसाठी आदर्श. प्रत्येक लाव्हाप्रवाहाचा खालचा-मधला भाग घट्ट काळा बेसॉल्ट, माथ्याकडे वायूच्या पोकळ्यांत पांढरी खनिजे भरलेला कुहरी बेसॉल्ट, आणि दोन प्रवाहांच्या मध्ये कधी कधी ‘रेड बोल’ हा तांबडा मातकट पट्टा. बोल काही सेंटिमीटरांपासून दोन-तीन मीटरपर्यंत असतो आणि उघडा पडून हवा-पाणी लागले की सुटू लागतो. चांगला खडक लागला म्हणून बोअर लगेच थांबवला, तर त्याच्या खाली मीटरभरावर असलेला बोल मॉडेलमध्ये कधीच येत नाही. खडक लागल्यावर निदान तीन मीटर कोअर काढायचा आग्रह धरतात तो यासाठीही.

दुसरी फसगत गोट्यांची. बेसॉल्ट झिजतो तो कांद्याच्या पापुद्र्यांसारखा; मुरमात मध्येच ताज्या खडकाचे मोठे गोटे शिल्लक राहतात. बोअर नेमका गोट्यावर बसला की कागदावर ‘कठीण खडक, ४ मीटर’. पुढचा बोअर दोन गोट्यांच्या मधून गेला तर ‘खडक ९ मीटर’. सॉफ्टवेअर या दोघांना सुबक उताराने जोडते, आणि तसा उतार जमिनीत कुठेच नसतो. तिसरी गोष्ट डाइकची: थरांना छेदून उभ्या चढलेल्या लाव्ह्याच्या खडकाच्या भिंती. आडव्या पृष्ठभागांच्या भाषेत उभी भिंत सांगताच येत नाही. ती वेगळी घनाकृती म्हणून घालावी लागते. मुंबईत तर टफ (ज्वालामुखीच्या राखेचा खडक), ब्रेचिया (टोकदार तुकड्यांचा खडक), खाडीची सागरी चिकणमाती आणि बेटे जोडताना टाकलेला भराव हे सगळे थोड्या अंतरात सापडते. अंधेरीची गिल्बर्ट हिल, बेसॉल्टच्या उभ्या स्तंभांचा तो कडा, दाट वस्तीत उभी आहे. कोपऱ्यांतल्या चार बोअरवरून असा आकार कोणत्याही सूत्राला सुचला नसता.

कोकणात आणि गोव्यात गणितच उलटे. वर जांभ्याचे कडक कवच, त्याखाली मऊ चिकणमातीसारखा थर आणि मग हळूहळू खडक. इथे खोल गेल्यावर ‘एन’ मूल्य आधी घसरते. ‘खाली जाऊ तशी जमीन मजबूत’ हे गृहीत धरून दोन उथळ बोअरवर मॉडेल केले, तर ते नेमके चुकीच्या दिशेने धीर देते.

आकार आणि वर्तन

भूमितीचे मॉडेल खोदाईचे आकारमान देते. ती जमीन भार घेईल की नाही, हे वेगळ्या विश्लेषणातून कळते आणि त्यासाठी प्लॅक्सिससारखी वेगळी सॉफ्टवेअर आहेत. सिंगापूरमध्ये २० एप्रिल २००४ रोजी निकोल हायवेजवळ मेट्रोची सुमारे ३० मीटर खोल खोदाई कोसळून चार जणांचा मृत्यू झाला. चौकशीत आधाराच्या तुळयांचे जोड अपुरे असल्याचे आढळले, आणि सागरी चिकणमातीची ताकद विश्लेषणात ज्या पद्धतीने धरली होती, तिने ती प्रत्यक्षापेक्षा जास्त दाखवली होती. तिथे चिकणमातीचा तळही एकसारखा नव्हता. गाडली गेलेली जुनी दरी खालून जात होती. पृष्ठभाग हुबेहूब काढूनही मातीचे गुणधर्म चुकले असते तर पुढचे टळले नसतेच.

भूजलाची पातळी मॉडेलमध्ये एक निळा पृष्ठभाग म्हणून येते. मे महिन्यातल्या बोअरवरून काढलेला तो पृष्ठभाग ऑगस्टमध्ये खरा असेल, अशी अपेक्षा आपल्या पावसात कुणी ठेवू नये. त्यावर मोजणीची तारीख लिहिणे एवढे तरी हातात असते.

मोजणी आणि बिल

भारतात या मॉडेलचा सर्वांत रोखठोक उपयोग बिलापुरता होतो. सार्वजनिक बांधकाम खात्याच्या दरसूचीत मऊ मुरूम, कठीण मुरूम, मऊ खडक आणि कठीण खडक यांच्या खोदाईचे दर वेगवेगळे असतात, आणि कोणता थर कुठे बदलला यावर कंत्राटदार आणि मालक यांच्यात जुंपते. मॉडेल देते ते जागेवरचे आकारमान. फोडलेला कठीण खडक ट्रकमध्ये साधारण दीडपट जागा घेतो, हे विसरून वाहतुकीचा हिशेब केला की वाद आणखी वाढतो. खोदाई चालू असताना उघड्या पडलेल्या बाजूंचे सर्वेक्षण करून नवे बिंदू घालणे आणि मॉडेल बदलत राहणे, ही यावरची रीत. बोअरमधून आलेले बिंदू ठळक आणि मधले पृष्ठभाग तुटक किंवा फिकट दाखवण्याचा संकेतही चांगल्या कार्यालयांत पाळतात.

नेदरलँड्समध्ये २०१८ पासून कायद्याने भूगर्भ-नोंदींचा राष्ट्रीय साठा आहे. तिथल्या जिओटॉप मॉडेलमध्ये जमीन १०० मीटर लांब, १०० मीटर रुंद आणि अर्धा मीटर उंच अशा ठोकळ्यांत विभागलेली आहे, आणि अमुक ठोकळ्यात वाळू असण्याची शक्यता किती, हेही दिलेले असते. आपल्याकडे खासगी इमारतींचे बोअर-अहवाल बहुतेक त्या त्या प्रकल्पाच्या फाइलमध्येच राहतात. शेजारच्या प्लॉटवर पुनर्विकास निघाला की तिथे पुन्हा पाच बोअर मारतात, आणि दोन मॉडेलमधला खडक कुंपणावर जुळत नाही.