एक्झामिनर आणि सर्चर: लंडनच्या प्लेगमधली दोन वेगळी कामे

लंडनच्या १६६५ मधील प्लेगविषयी मराठीत जे लिहिले जाते, त्यात 'प्लेगच्या तपासनीसांनी घरे तपासली, मृतदेह पाहिले आणि घरांना कुलपे ठोकली' अशा अर्थाचे वाक्य हटकून येते. या एका वाक्यात निदान तीन निरनिराळ्या माणसांची कामे एकाच्याच गळ्यात घातलेली असतात. कुलूप ठोकणाऱ्या कॉन्स्टेबलचे एक वेळ राहू द्या. पण एक्झामिनर आणि सर्चर या दोघांनाही 'तपासनीस' म्हणणे खपवून घेऊ नये. त्या साथीतल्या मृत्यूंचे जे आकडे आपण बिनदिक्कत देतो, ते कोणी आणि कसे जमवले, हेच त्यामुळे कळेनासे होते.

एक्झामिनर आपल्याला परका नाही. पुण्यातली १८९७ ची, रँडच्या प्लेग कमिटीची घरझडती ज्याने शाळेपासून वाचली आहे, त्याला रुग्ण हुडकणारा अधिकारी समजावून सांगावा लागत नाही. फरक असा की पुण्यात गोरे सोजीर घरात शिरत आणि लंडनचा एक्झामिनर त्याच भागातला, पत असलेला गृहस्थ असे. त्याची नेमणूक निदान दोन महिन्यांसाठी होई, आणि नकार दिल्यास कबूल होईपर्यंत तुरुंगात बसावे लागे. घरात कोणाच्या अंगावर गाठ किंवा जांभळा डाग दिसला की घरमालकाने दोन तासांच्या आत त्याला कळवायचे, आणि संसर्गाची खात्री पटली की त्याने कॉन्स्टेबलला घर बंद करण्याचा हुकूम द्यायचा. मग दारावर फूटभर लांबीची लाल फुली निघे आणि दिवसा एक व रात्री एक असा पहारा बसे.

खरी फसगत सर्चरच्या बाबतीत होते, आणि ती शब्दापासूनच सुरू होते. 'सर्च' म्हटले की आपल्या मनात झडती येते. पण इथे झडती घराची नव्हती, पाहणी होती ती प्रेताची. सर्चर ही स्त्री असे, बहुधा पॅरिशच्या (म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीच्या) मदतीवर जगणारी वयस्क, गरीब विधवा. चर्चची घंटा वाजली किंवा कोणी कबर खणायला सांगितले, की तिला मरणाची बातमी लागे. ती त्या घरी जाई, प्रेत निरखून पाही, घरच्यांना दोन प्रश्न विचारी आणि मरणाचे कारण पॅरिशच्या कारकुनाला सांगे. साथीच्या दिवसांत तिला हातात सर्वांना दिसेल अशी तीन फूट लांबीची तांबडी काठी धरूनच रस्त्याने चालावे लागे. दुकान मांडायला किंवा लोकांचे कपडे धुवायलाही बंदी होती. म्हणजे आधीच गरीब असलेल्या बाईचे उरलेले कमाईचे मार्गही हे काम बंद करी.

एक्झामिनर जिवंत माणसाबद्दल हुकूम देई आणि सर्चर मेलेल्या माणसाबद्दल शपथेवर साक्ष देई, हा भेद एकदा पक्का केला की पुढचा गुंता सुटतो. गुंता असा, की घर बंद करण्याचा अधिकार नसतानाही सर्चरच्या एका शब्दाने घर बंद होण्याची पाळी येऊ शकत होती. तिने 'प्लेग' म्हटले, की मागे राहिलेली माणसे संसर्ग झालेल्या घरातली ठरत आणि महिनाभर कोंडली जात. त्यामुळे तिने दुसरेच काही सांगावे, यात घरच्यांचा जीव अडकलेला असे. चुकीच्या नोंदींमुळे साथ पसरते, अशी तक्रार खुद्द लॉर्ड मेयरच्या (लंडनच्या नगरप्रमुखाच्या) हुकमांत आहे, आणि म्हणूनच सर्चरच्या जोडीला शस्त्रवैद्य देऊन त्या वैद्यांना दर प्रेतामागे १२ पेन्स ठरवून दिले गेले. जॉन ग्राँट या व्यापाऱ्याने १६६२ मध्येच लिहून ठेवले होते, की गरमीच्या रोगाने (सिफिलिसने) मेलेल्याची नोंद बदलायला या बायकांना एक ग्रोटऐवजी दोन ग्रोट दिले जात. एक ग्रोट म्हणजे चार पेन्स. १६२५ च्या साथीत प्लेगचे बळी नोंदीपेक्षा सुमारे चतुर्थांशाने अधिक असावेत, असा हिशेबही त्यानेच मांडला.

यावरून 'अडाणी म्हाताऱ्यांनी भरलेले आकडे' असा शेरा मारणारे मला मुळीच पटत नाहीत. शस्त्रवैद्याच्या एक तृतीयांश पैशात, शेजाऱ्यांच्या धाकात आणि स्वतःला रोग लागण्याची भीती असताना ज्या बायकांनी हे काम केले, त्यांच्याच सांगण्यावरून शहराची साप्ताहिक मृत्युयादी बनली. (तिला कृपया 'मृत्युपत्रक' म्हणू नये; वाचकाला इच्छापत्र आठवते.) कारकून मंगळवारी रात्री हिशेब नेऊन देई, बुधवारी छपाई होई आणि गुरुवारी यादी लोकांच्या हातात पडे. शिवाय चूक नेहमी सर्चरचीच असे असेही नाही: ऑगस्ट १६६५ च्या अखेरीस रोजनिशीकार सॅम्युअल पेपिसला त्याच्याच पॅरिशच्या कारकुनाने सांगितले, की आठवड्यात नऊ जण गेले, पण आपण सहाच लिहिले.

त्या वर्षी यादीत प्लेगचे एकूण ६८,५९६ मृत्यू नोंदले गेले. या आकड्यात एक्झामिनरने हुडकून काढलेले पण नंतर बरे झालेले रुग्ण कुठेच नाहीत. त्याचे पद साथीपुरते होते आणि साथीबरोबर संपले. सर्चर मात्र साथ नसतानाही दर आठवड्याला प्रेते पाहत आणि क्षय, ताप, पोटातली मुरड, तान्ह्या मुलांचे दात येणे अशी कारणे सांगत राहिल्या. जुलै १८३७ मध्ये इंग्लंडात जन्ममृत्यूची सरकारी नोंदणी सुरू झाली, तेव्हा कुठे त्यांचे काम मागे पडले.