मायकेलँजेलो पाठीवर झोपला नव्हता!

सिस्टिन चॅपलचं छत मायकेलँजेलोने चार वर्षं उताणं पडून रंगवलं, हे आपण शाळेपासून ऐकत आलोय. साफ चूक. पुरावा खुद्द त्याच्याच हातचा आहे. फ्लॉरेन्समध्ये जपलेल्या एका कागदावर त्याने मित्रासाठी सुनीत लिहिलं आणि शेजारी स्वतःला रेखाटलं: उभा माणूस, मान मागे, हात उंच, ब्रश छताला टेकलेला. सुनीतात नुसतं रडगाणं. गळ्याला गाठ आली, दाढी आभाळाकडे, तोंडावर रंग ठिबकतोय. (एवढी तक्रार करणारा झोपायला मिळालं असतं तर बोलला नसता?)

गोंधळ बहुधा पाओलो जोव्हिओ या समकालीन लेखकाने लिहिलेल्या त्याच्या लॅटिन चरित्रातल्या 'रेसुपिनुस' या शब्दाचा. मागे वाकलेला, असाही त्याचा अर्थ होतो. लोकांनी उताणा घेतला. पुढे सिनेमाने शिक्कामोर्तब केलं. प्रत्यक्षात परांची छतापासून पुरेशी खाली होती.

मला मात्र ब्रिटिश म्युझियममधला १५०८च्या सुमाराचा, याच छताचा मायकेलँजेलोने काढलेला आराखडा जास्त आवडतो. तेव्हा बेत साधा होता: कडेने येशूचे बारा शिष्य, म्हणजे प्रेषित, मध्ये नक्षीच्या चौकटी. भराभर ओढलेल्या पट्ट्या, चौकोन, वर्तुळं आणि त्याच कागदावर हाताचं सरावचित्र. प्रेषित गेले, त्यांच्या जागी बायबलमधले संदेष्टे आणि सिबिल, म्हणजे प्राचीन काळच्या भविष्य सांगणाऱ्या स्त्रिया, आल्या. चौकटींची मांडणी मात्र वेगळ्या रूपात टिकली. आज छतावर दिसणाऱ्या त्या दगडी कमानी नि कंगोरे? बहुतेक सगळा रंगच.