उन्हाळ्यातली निजण्याची व्यवस्था (नाशिक)

उन्हाळ्यातली निजण्याची व्यवस्था : मार्चपासून पावसाळा लागेपर्यंत रात्री स्वस्थ झोप यावी म्हणून खोली, अंथरूण आणि अंग गार ठेवण्याच्या रीती. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंचीवर आहे. एप्रिल-मेमध्ये दिवसा पारा 40 अंश सेल्सिअसच्या आसपास गेला, तरी पहाटे तो बहुधा 20 ते 24 अंशांपर्यंत उतरतो आणि हवा कोरडी असते. इथली रात्र बऱ्यापैकी गार असते. तापलेले असते ते घर.

भद्रकाली-पंचवटीतल्या जुन्या वाड्यांत जाड भिंती आणि चौक यांमुळे त्रास कमी. सिडको-सातपूरकडे वरच्या मजल्यावर मात्र डोक्यावर साधारण पाच इंची स्लॅब असतो. दुपारची उष्णता त्यातून खाली यायला तीन-चार तास लागतात, म्हणून छत आतून सर्वांत तापते ते संध्याकाळी. तेव्हा छताचा पंखा जोरात लावला, तर वर साचलेली गरम हवाच अंगावर येते.

यावर गच्चीत पाणी मारतात; बहुतेक घरांत ते चुकीच्या पद्धतीने मारले जाते. गारवा येतो तो पाण्याची वाफ होताना. शंभर चौरस फूट स्लॅब एका अंशाने उतरवायला साधारण एक लिटर पाण्याची वाफ व्हावी लागते. बादली ओतली की बहुतेक पाणी पन्हाळीतून निघून जाते आणि जाताना फार थोडी उष्णता नेते. त्यापेक्षा ऊन उतरल्यावर झारीने पातळ थर शिंपडावा, तो सुकला की पुन्हा; असे तीन-चार वेळा. कपडे खळबळलेले पाणी यासाठी चालते, आणि मे महिन्यात तेच वापरणे योग्य. गच्ची गळकी असेल तर आधी भेगा बुजवाव्यात. कळीचा चुना रात्रभर भिजवून, गाळून, त्यात फेव्हिकॉल मिसळून मार्चमध्ये दोन हात दिल्यास स्लॅब मुळातच कमी तापतो. पावसात तो धुऊन जातो, म्हणून दरवर्षी द्यावा लागतो.

खिडक्या सकाळी नऊच्या आत बंद करून पडदे ओढावेत आणि बाहेरची हवा आतल्यापेक्षा गार झाली की समोरासमोरच्या उघडाव्यात. वारा ज्या बाजूने येतो, त्याच्या विरुद्ध खिडकीत टेबल फॅन बाहेर तोंड करून तासभर चालवावा. डासांसाठी खिडकीला जाळी असावी. घट्ट विणीची मच्छरदाणी वारा अडवते.

फोमची गादी पाठीखालची ऊब धरून ठेवते आणि घाम सुकू देत नाही. जुन्या सुती लुगड्यांची पातळ गोधडी किंवा चटई वर अंथरली की फरक कळतो. सर्वांत उत्तम सुंभाची बाज, कारण तिला खालूनही वारा लागतो. निजण्याच्या तासभर आधी कोमट पाण्याने अंघोळ करावी. त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावून आतली उष्णता बाहेर पडते. बर्फासारख्या पाण्याने त्या आकुंचन पावतात.

कूलर कोरड्या हवेचे यंत्र आहे. बाहेर 30 अंश तापमान आणि 30 टक्के आर्द्रता असेल, तर पाण्याच्या वाफेने हवा जास्तीत जास्त 18-19 अंशांपर्यंत उतरू शकते. घरगुती कूलर त्याच्या तीन-चार अंश अलीकडे थांबतो. तो खिडकीत, पाठ बाहेर करून बसवावा आणि समोरची खिडकी वितभर उघडी ठेवावी. बंद खोलीत तीच ओली हवा फिरत राहते, तासाभरात अंग चिकट होते आणि दोष मात्र कूलरला दिला जातो. बोअरच्या पाण्याचे क्षार गवताच्या पॅडवर साचले की पाणी एकाच पट्टीतून वाहते आणि बाकीचा पॅड कोरडा राहतो. म्हणून पॅड दर हंगामात बदलावेत. टाकी आठवड्यातून एकदा रिकामी करून, घासून, सुकवावी. डेंग्यूचा डास अंड्यापासून आठ-दहा दिवसांत तयार होतो.

जूनमध्ये 28 अंश आणि 80 टक्के आर्द्रता झाली, की कूलर जेमतेम दोन-तीन अंशच उतरवतो. तेव्हा त्याचा पंप बंद ठेवून नुसता पंखा चालवावा. एसी असल्यास 26 अंशांवर ठेवून जोडीला पंखा मंद सोडणे पुरेसे.

तान्ही मुले आणि वृद्ध यांच्या बाबतीत केवळ पंख्यावर विसंबू नये. खोलीतली हवा 35 अंशांच्या वर असेल, तर पंख्याने गारवा मिळेलच असे नाही. मान, हात-पाय ओल्या फडक्याने पुसत राहावेत. अंग तापून बोलणे असंबद्ध होऊ लागल्यास हा उष्माघात समजून अंगावर पाणी घालत ताबडतोब रुग्णालयात न्यावे.