पणजीचे दोन रस्ते

पणजीत दोन रस्त्यांना तारखांची नावं आहेत. एक फोंतेन्हास या जुन्या रंगीत घरांच्या वस्तीतला ३१ जानेवारी रस्ता, दुसरा शहराच्या मधोमध गेलेला १८ जून रस्ता. पहिली तारीख १८९१ सालची. त्या दिवशी पोर्तुगालमधल्या पोर्तो शहरात राजेशाहीविरुद्ध उठाव झाला. तो फसला, पण प्रजासत्ताकवाद्यांनी ती तारीख जपली आणि सत्ता हाती आल्यावर ती इथवर पोचली. दुसरी तारीख १९४६ सालची. त्या दिवशी मडगावात राम मनोहर लोहियांनी बंदी मोडून सभा घेतली आणि गोवा मुक्तीच्या लढ्याला नवी धार आली. पर्यटक पहिल्या रस्त्यावर फोटो काढतात. पणजीकर दुसऱ्या रस्त्यावर चपला, औषधं आणि चवथीचे कपडे घेतात. चालत गेलं तर मध्ये फार वेळ लागत नाही, पण बाहेरून आलेली बहुतेक माणसं दुसऱ्या रस्त्यापर्यंत पोचत नाहीत.

याचं मूळ जुनं आहे. ‘ज्याने गोवा पाहिला त्याला लिस्बन पाहायची गरज नाही,’ ही पोर्तुगीज म्हण आजच्या पणजीबद्दल नव्हतीच. ती जुने गोवे या आधीच्या राजधानीची. साथीच्या रोगांनी ते शहर ओस पडत गेलं आणि १७५९ मध्ये व्हाइसरॉयने मांडवीकाठच्या आदिलशाही वाड्यात मुक्काम हलवला. तेव्हा पणजी म्हणजे माड, खाजण (खाऱ्या पाण्याची सखल जमीन) आणि चिखल. डों मानुएल द पोर्तुगाल ई कास्त्रो या गव्हर्नराने १८२७ ते १८३५ या काळात दलदल बुजवून सरळ रस्ते आखले, आणि २२ मार्च १८४३ रोजी ‘नोवा गोवा’ म्हणून पणजी राजधानी झाली. म्हणजे ज्या शहराला लोक पाचशे वर्षांचं समजतात, ते बरंचसं एकोणिसाव्या शतकातलं आहे.

फोंतेन्हासला सर्रास ‘पोर्तुगीज वस्ती’ म्हणतात. हा शब्द मला खटकतो. मोझांबिकहून पैसा कमावून परतलेल्या, ‘मोसमीकार’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या एका गोमंतकीयाच्या माडाच्या बागेत ही वस्ती उभी राहिली. पुढे त्या रंगीत घरांत राहिले ते मुख्यतः गोमंतकीयच. त्यांत कचेरीतले कारकून होते, शिक्षक होते, वकील होते. महालक्ष्मीचं देऊळ पणजीत १८१८ साली, पोर्तुगीज अमलातच उभं राहिलं. फोंतेन्हासला लागून असलेल्या ‘मळा’ या भागातलं मारुतीचं देऊळ तर पायऱ्या चढून गेलं की समोरच दिसतं. पण गाइड वस्तीतल्या चॅपेलपाशी थांबतो आणि तिथूनच माघारी वळतो.

पणजी म्हणजे पूर्वेकडचं पोर्तुगाल, हे चित्र पक्कं झालं ते १९५० नंतर. भारत स्वतंत्र झाला होता आणि पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीला जगापुढे सिद्ध करायचं होतं, की गोवा ही वसाहत नसून पोर्तुगालचाच तुकडा आहे. १९५१ मध्ये घटना बदलून वसाहतींना ‘सागरापलीकडचे प्रांत’ म्हणायला सुरुवात झाली. १९५२ मध्ये संत फ्रान्सिस झेवियरच्या अवशेषांचं प्रदर्शन भरलं आणि त्यासाठी येणाऱ्या पाहुण्यांकरता पणजीच्या नदीकाठी मांडवी हॉटेल बांधलं गेलं. १९ डिसेंबर १९६१ नंतर गोवा जिंकणाऱ्या अल्बुकेर्कच्या नावाच्या चौकाचं आझाद मैदान झालं. म्युनिसिपल गार्डनमधल्या खांबावरून वास्को द गामा उतरला आणि अशोकाचे सिंह बसले. राजवट गेली, पण तिने स्वतःसाठी रंगवलेलं चित्र पुढे पर्यटनाने जसंच्या तसं उचललं. यात कुणाचा कट होता असं मला वाटत नाही. तयार चित्र विकणं सोपं असतं, एवढंच.

महाराष्ट्रातल्या माणसाचा गोवा मात्र वेगळा होता. भाऊच्या धक्क्यावरून सुटलेली बोट पणजीच्या धक्क्याला लागायची आणि माणसं तिथून मंगेशीला, शांतादुर्गेला, आपापल्या कुलदैवताला जायची. त्यांच्या लेखी पणजी म्हणजे गाडी बदलायची जागा. पुढे हणजुणे-कळंगुटला हिप्पी आले, १९८७ पासून युरोपातून चार्टर विमानं यायला लागली, तेव्हाही पणजी वाटेतच राहिली. इथे दिवसा कचेऱ्या भरायच्या आणि संध्याकाळी शहर लवकर निजायचं. ते बदललं ते १९९८ च्या कोकण रेल्वेने, मांडवीत नांगरलेल्या कॅसिनोंनी, २००४ पासून इथे भरणाऱ्या चित्रपट महोत्सवाने आणि शेवटी हातातल्या मोबाइलने.

गेल्या डिसेंबरात सकाळी साडेसातला मी फोंतेन्हासच्या एका गल्लीतून जात होतो. पोदेराने, म्हणजे पाववाल्याने, सायकलचा भोंपू वाजवला. एका पिवळ्या घराचं दार उघडून साठीच्या बाई गाऊनवरच पिशवी घेऊन बाहेर आल्या आणि पोयी (गोव्यातले पाव) मोजून घेऊ लागल्या. समोर प्री-वेडिंगचं शूटिंग चाललं होतं. फोटोग्राफरने त्यांना हाताने खूण केली, ‘आंटी, जरा साइड में.’ स्वतःच्या उंबऱ्यावरून! बाई काही बोलल्या नाहीत. सुटे पैसे देऊन आत गेल्या आणि दार लावून घेतलं. त्या दाराशेजारी ‘खाजगी घर, फोटो काढू नये’ अशी पाटी आहे. तशा पाट्या आता त्या गल्लीत बऱ्याच दिसतात.

त्याच रांगेतली बंद घरं पाहून लोक हळहळतात, ‘किती सुंदर, कुणी राहत का नाही?’ गोव्यातला वारसा कायदा अजून पोर्तुगीज नागरी संहितेच्याच धर्तीवर चालतो. मुलगा असो वा मुलगी, घरात सगळ्यांचा वाटा. तीन पिढ्यांनंतर एका घराला वीस वारस होतात. त्यातले काही जण मुक्तीपूर्वी जन्मलेल्या आजोबांच्या आधारावर पोर्तुगीज पासपोर्ट काढून इंग्लंडला गेलेले असतात. कौलं बदलायची तरी सगळ्यांचा होकार जमत नाही. काही घरांत भाडेकरू आहेत आणि १९६८ च्या भाडेकायद्यामुळे भाडं इतकं जुनं, की मालकाला रंगाचाही खर्च परवडत नाही. ज्या पोपडे उडालेल्या भिंतीपुढे पाहुणे उभे राहतात, तिच्यामागे बहुतेक वेळा न मिटलेलं इन्व्हेंटरी प्रोसिडिंग, म्हणजे वारसांमधल्या वाटणीचं कोर्टातलं प्रकरण असतं.

पणजीकराचा दिवस भलतीकडेच जातो. मांडवीपलीकडच्या बेतीहून फेरीने आलेली माणसं कॅसिनोंच्या जेटीशेजारून कामाला जातात. मार्केटात इसवणाचा (सुरमईचा) भाव ऐकून बांगड्यांवर भागवतात. स्मार्ट सिटीसाठी रस्ते खणले तेव्हा दोन-तीन वर्षं दुकानांत धूळ बसली, त्याबद्दल अजून बोलतात. कला अकादमीत मराठी नाट्यस्पर्धा लागली की फोंड्या-डिचोलीचे लोकही येतात आणि मध्यंतरात बटाटवड्यासाठी रांग लागते. २०११ च्या जनगणनेत गोव्यात हिंदू ६६ टक्के आणि ख्रिस्ती २५ टक्के होते. बाहेरून आलेल्यांना हा आकडा सांगितला तर ते चकित होतात.

मळ्यातल्या मारुतीची जत्रा साधारण फेब्रुवारीत येते. तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी खाज्यांची आणि खेळण्यांची दुकानं लागतात, आणि फोंतेन्हासमधली ख्रिस्ती कुटुंबंही पोरांना घेऊन येतात. गाड्या आत सोडत नाहीत. त्या दिवसांत कॅमेरा घेऊन आलेले पाहुणे गर्दीच्या टोकाला थबकतात आणि रंगीत घरं कुठे आहेत, म्हणून विचारतात. खाजेवाली हात वर करून वळण दाखवते आणि पुन्हा गिऱ्हाइकाकडे वळते.