फॉर्म म्हणजे पाऊस, रँकिंग म्हणजे राकसकोपची पातळी

सोमवार उजाडला की टिळकवाडीतल्या आमच्या टेनिस कट्ट्यावर कुणीतरी मोबाइल पुढे करतोच. परवा एका कॉलेजच्या पोरानं केला. ‘काका, अकरा जागा वर चढलाय बघा की! काय फॉर्मात आलाय!’ हा ‘चढलाय’ म्हणजे जागतिक क्रमवारीत सहाशेच्या आसपास घुटमळणारा एक भारतीय खेळाडू. मी विचारलं, शेवटची मॅच कधी खेळला? शोधाशोध झाली. तीन आठवडे कोर्टवर पाऊलच नव्हतं, पोटरी धरली होती. त्याच्या वरच्या दहा-बाराजणांचे गुण गळाले आणि हा घरी बसून वर गेला. खालच्या गर्दीत दोन-चार गुणांवर दहा-दहा जागा इकडच्या तिकडे होतात, हे कुणी लक्षातच घेत नाही.

फॉर्म म्हणजे काय हे बेळगावकराला सांगत बसत नाही. व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर चार रविवार खेळलेल्यालाही ते कळतं. घोळ होतो तो रँकिंगचा, आणि माझ्या मते त्याला आपलं क्रिकेट जबाबदार आहे. आयसीसीच्या क्रमवारीत ताज्या कामगिरीला जास्त वजन असतं, त्यामुळे तिथे नंबरावरून फॉर्मचा थोडाफार अंदाज येतो. टेनिसमध्ये तसं काही नाही. गेल्या ५२ आठवड्यांतल्या स्पर्धांपैकी ठरावीक सर्वोत्तम निकालांच्या गुणांची बेरीज, संपलं. मागच्या रविवारी मिळवलेले २५ गुण आणि अकरा महिन्यांपूर्वीचे २५ गुण एकाच भावाचे. वर्ष भरलं की त्या सोमवारी ते खात्यातून गेले, मग तुम्ही जिंका, हरा नाहीतर झोपा काढा.

जून कोरडा गेला की आपण सकाळी पेपर उघडून आधी राकसकोप धरणाची पातळी बघतो ना, तसंच हे. फॉर्म म्हणजे पाऊस, रँकिंग म्हणजे पातळी. पाऊस थांबला तरी धरण काही दिवस भरलेलं दिसतं, आणि चांगला लागला तरी पातळी लगेच वर येत नाही. उपमा एका ठिकाणी लंगडी पडते. धरणातलं पाणी रोज थोडं थोडं उतरतं. टेनिसमध्ये ते गेल्या वर्षी ज्या आठवड्यात पडलं, यंदा त्याच आठवड्यात धाडकन उतरतं.

एकेरी खेळणारा आपला सुमित नागल, त्याचं बघा. जानेवारी २०२४ मध्ये तो १३७ व्या क्रमांकावर होता. ऑस्ट्रेलियन ओपनला पात्रता फेरीतून आला आणि पहिल्याच फेरीत ३१ व्या मानांकित बुब्लिकला सरळ तीन सेटमध्ये हरवलं. १९८९ मध्ये रमेश कृष्णननं विलँडरला हरवल्यानंतर एकेरीत मानांकित खेळाडूला हरवणारा ग्रँड स्लॅममधला हा पहिला भारतीय पुरुष. पाऊस जोरात होता, पातळी अजून १३७ वरच. फेब्रुवारीत चेन्नईची चॅलेंजर, म्हणजे मुख्य टूरच्या एक पायरी खालची स्पर्धा जिंकली, त्या एका आठवड्याचे १०० गुण, आणि तो ९८ वा झाला. जूनमध्ये जर्मनीत हाइलब्रॉनची चॅलेंजर जिंकली. जुलैत ६८, कारकिर्दीतला सर्वोत्तम.

आता गंमत. ६८ चा नंबर लागला त्याच जुलैत तो विम्बल्डनला पहिल्या फेरीत हरला. पॅरिस ऑलिंपिकला पहिल्या फेरीत, अमेरिकन ओपनलाही पहिल्या फेरीत. पाऊस कधीच थांबला होता, पण फेब्रुवारीचं आणि जूनचं पाणी खात्यात होतं. म्हणून २०२५ च्या ऑस्ट्रेलियन ओपनला पात्रता न खेळता थेट प्रवेश मिळाला. तिथे पहिल्या फेरीत हार, १० गुण. गेल्या वर्षीचे पात्रतेचे ३० आणि दुसऱ्या फेरीचे ५०, असे ८० गेले. पुढच्याच महिन्यात चेन्नईचे १०० वजा, बदल्यात थोडी चिल्लर. फेब्रुवारी संपेपर्यंत तो पहिल्या शंभरात नव्हता. तेव्हा लोक म्हणाले, ‘अचानक फॉर्म गेला.’ अचानक कसला? सहा महिने आधीच गेला होता, तुम्ही पातळी बघत बसला होता.

उलटंही होतं, आणि ते जास्त अन्यायाचं. समजा एखाद्यानं गेल्या वर्षी लागोपाठ दोन एम-२५ स्पर्धा (चॅलेंजरच्याही खालच्या पायरीच्या) जिंकल्या, ५० गुण. यंदा त्याच पंधरवड्यात दोन्हीकडे फायनल गाठली, १६ आणि १६, म्हणजे ३२. पंधरा दिवसांत दोन फायनल खेळणारा पोरगा फॉर्मात नाही असं कोण म्हणेल? पण खात्यात १८ गुणांचा खड्डा पडला आणि नंबर घसरला. टोकाचं उदाहरण हवं असेल तर जोकोविच २०२२ मध्ये विम्बल्डन जिंकून तिसऱ्यावरून सातव्यावर गेला. त्या वर्षी तिथे गुणच दिले नव्हते आणि आदल्या वर्षीचे मात्र गेले.

मानांकन आणि रँकिंग यांचा घोळही घालतात, पण तो किरकोळ. मानांकन म्हणजे त्या एका स्पर्धेपुरता क्रम, एवढं ध्यानात ठेवलं की झालं. एकेरी आणि दुहेरीची खाती वेगळी. २०२४ मध्ये कोडगूचा बोपण्णा ४३ व्या वर्षी एक नंबरला गेला तो दुहेरीत. ‘मग नागल त्याच्यापेक्षा एवढा मागं कसा?’ असं विचारणाऱ्याला मी आता उत्तर देत नाही, कुंद्याचा डबा पुढे करतो.

२०२३ मध्ये धारवाडला एम-२५ झाली तेव्हा मी जाऊया म्हणत होतो. इथून दोन तासही लागत नाहीत. कट्ट्यावरचं उत्तर ठरलेलं: ‘चारशे-पाचशे नंबरवाल्यांचं काय बघायचं?’ तिथे एकेकाळी १११ व्या क्रमांकावर पोहोचलेला रामकुमार रामनाथन खेळत होता. सर्व्हिस नंबर विचारून पडत नाही.

मी स्वतः आता तीन गोष्टी बघतो. गेल्या सहा-आठ मॅचमध्ये समोर कोण होतं, तिसऱ्या सेटपर्यंत गेलेल्या मॅच कुणी घेतल्या, आणि येत्या महिन्यात गेल्या वर्षीचे किती गुण गळायचे आहेत. शेवटचं कळलं की पुढच्या सोमवारचा नंबर बराचसा आजच सांगता येतो. त्या पोराला हे शिकवलं. परवा त्याचा मेसेज आला, ‘काका, तो चौदा जागा खाली जाणार, पण खेळतोय मस्त.’